कात्रीचा गुरुवार

मला राग आला की आधी माझे कान गरम होतात. आई म्हणायची, हिचे कान तापले की हिच्या हातात काय आहे ते बघा आणि काढून घ्या. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत, डब्लिनच्या दक्षिणेला चेरीवूडमधल्या आमच्या ऑफिसात, माझ्या हातातली कात्री काढून घेणारं कुणी नव्हतं.

कंपनी जर्मन होती. पुण्याहून तिथे येऊन मला दोन वर्षं होत आली होती. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचं. स्वभावाला साजेसं काम मिळालं असं नवरा म्हणायचा. मार्चअखेर माझं परमिट संपणार होतं. दोन वर्षं पूर्ण झाली की पुढचा कागद मिळतो, आणि तो हातात आला की नोकरी बदलायची झाली तरी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं. त्या पत्रासाठी माझ्या साहेबाने माझ्या कामाविषयी चार ओळी लिहून सही करायची, एवढंच. नवरा माझ्याच परमिटच्या आधाराने आलेला, पाच वर्षांची मुलगी नुकती कुठे शाळेत रुळलेली. तिघांचं आयर्लंडमधलं बस्तान त्या चार ओळींवर अडलेलं होतं.

साहेब जर्मन, पन्नाशीचा, उंच, एकटा राहणारा. सगळं ऑफिस जीन्स घालून यायचं, हा रोज टाय लावून यायचा. कुणाशी वाकडं नाही की कुणाशी गोड नाही. जानेवारीपासून मी त्याला पत्राचं विचारत होते. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळायचं: “तुमची फाइल वाचतोय. वाचून झाली की लिहीन.” मी काय कादंबरी होते वाचत बसायला? आपल्याकडचा साहेब निदान चिडला असता, ओरडला असता. ह्याच्या गार उत्तरांनी माझे कान जास्त तापायचे.

आमच्याकडे मॅन्युअलं लिहिणारी एक जर्मन बाई होती. साठीला आलेली, कोलोनजवळची, आयरिश माणसाशी लग्न करून तीस वर्षांपूर्वी इकडे आलेली. इंग्रजीत सगळेच ‘यू’, पण मनातल्या मनात मी तिला अहोजाहो करायचे आणि राईन नदीकाठची म्हणून राईनकाकू म्हणायचे. दर वर्षी कार्निव्हलच्या गुरुवारी काकू जाम भरलेले तळलेले गोल पाव आणायच्या आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून यायच्या. बरोबर अकरा वाजून अकरा मिनिटांनी पाव वाटायचे असा त्यांचा नेम होता.

त्या वर्षी आदल्या दिवशी, बुधवारी, किटली उकळेपर्यंत त्यांनी मला सगळी कथा सांगितली. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, अकरा वाजून अकरा मिनिटांनी मोसम सुरू होतो, मग थोडा विसावतो, आणि फेब्रुवारीत उपासाचा काळ लागायच्या आधीच्या गुरुवारी रस्त्यावर उतरतो. तो गुरुवार बायकांचा. दोनशे वर्षांपूर्वी राईनकाठच्या एका गावात धोबिणी होत्या. त्या हाताची सालं निघेपर्यंत कोलोनच्या श्रीमंतांचे कपडे धुवायच्या आणि त्यांचे नवरे धुतलेले कपडे पोचवायला म्हणून शहरात जाऊन तिथेच कार्निव्हलमध्ये रमायचे. एका वर्षी धोबिणींचं डोकं फिरलं. आपली वेगळी मंडळी काढून त्या स्वतःच रस्त्यावर आल्या. तेव्हापासून त्या दिवशी बायका महापौराकडून नगरपालिकेची किल्ली काढून घेतात, आणि समोर येईल त्या पुरुषाचा टाय कात्रीने कापतात. टाय म्हणजे पुरुषाचा अधिकार. कापला की त्याच्या गालाचा एक पापा घ्यायचा, म्हणजे फिटंफाट.

“फ्रेंच आले, प्रशियाचे आले, आमच्यावर राज्य करून गेले,” काकू सांगत होत्या. “आम्ही त्यांच्या शिपायांचे गणवेश शिवून लाकडी बंदुका घेऊन नाचलो. बंदुकीच्या नळीत फूल खोचून.”

मला आमचा शिमगा आठवला. वर्षभर मूग गिळून बसलेल्याला एक दिवस पाटलाच्या दारात जाऊन बोंब मारायची मुभा. मी तसं म्हटलं तर काकू खूश झाल्या. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघ, विचारल्याशिवाय कुणाचाच टाय कापायचा नसतो. आणि साहेबाच्या तर वाट्यालाच जाऊ नकोस. तो उत्तरेकडचा, समुद्राकाठचा. त्यांच्याकडे कार्निव्हल नाही. त्याला हे सगळं असभ्य वाटतं.”

मी हो म्हटलं. हे वाक्य मी नीट, दोन्ही कानांनी ऐकलं होतं. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यामुळे घडलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी पुन्हा साहेबाच्या केबिनमध्ये गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “पुढच्या आठवड्यात. अजून वाचून झालेलं नाही.” मी बाहेर आले तेव्हा माझे कान इतके तापले होते की त्यावर पापड भाजला असता.

अकरा वाजून अकरा मिनिटांनी काकूंनी पाव उघडले. टीममधल्या दोन आयरिश पोरांनी खास या दिवसासाठी जुन्या कपड्यांच्या दुकानातून भडक टाय घेतले होते. काकूंनी ते कापले, दोघांच्या गालांचे पापे घेतले, टाळ्या झाल्या. स्टेशनरीच्या कपाटातली, इथल्या भाषेत प्रेसमधली, नारिंगी मुठीची कात्री टेबलावर पडली होती. तेवढ्यात साहेब कॉफी घ्यायला आला. पोरांचे तुटके टाय बघून त्याने भुवई वर केली आणि आमच्याकडे पाठ करून मशीनपाशी उभा राहिला. कप घेऊन वळला तेव्हा मी कात्री घेऊन त्याच्या समोर होते.

मी विचारलं नाही. निळा टाय डाव्या हाताने धरला आणि गाठीखाली चार बोटांवर कापला. रेशमी कापड कापताना बारीक आवाज येतो, तो मला अजून आठवतो. पापा घ्यायचा प्रश्नच नव्हता. साहेबाच्या गालाला तोंड लावायचं म्हणजे काय! सदाशिव पेठेत वाढलेली बाई मी, रिवाजातला तो भाग मी आधीच गाळून टाकला होता. कात्री तेवढी उचलली.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

साहेबाच्या हातातल्या कपातून कॉफी त्याच्या मनगटावर सांडली होती. त्याने कप खाली ठेवला, टायचं उरलेलं टोक बोटांनी चाचपलं आणि मला विचारलं, “का?” मी काहीतरी कार्निव्हल-कार्निव्हल म्हणाले. तो केबिनमध्ये गेला, कोट घेतला आणि दिवसभरासाठी निघून गेला. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या हसल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या बुधवारी मला एचआरच्या खोलीत बोलावलं. तिथली आयरिश बाई मनाने चांगली, हसरी. त्या दिवशी तिच्या कपाळावर राखेचा फासलेला क्रॉस होता. त्यांच्या उपासाचा पहिला दिवस, सकाळी चर्चमध्ये जाऊन राख लावून आलेली. मला क्षणभर ती कुठल्याशा देवळातून अंगारा लावून आल्यासारखी वाटली आणि त्या अंगाऱ्यासमोर बसून मी खोटं बोलले.

साहेबाने लेखी तक्रार दिली होती. त्यात टायचा उल्लेख एका ओळीत होता. बाकी म्हणणं एवढंच, की हे गंमत म्हणून झालेलं नाही, पत्राला उशीर झाल्याच्या रागाने मुद्दाम केलेलं आहे.

“असं आहे का?” तिने विचारलं.

पत्र मिळालं नव्हतं. मार्चअखेर पाच आठवड्यांवर आली होती. हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर परमिट, शाळा, घर, सगळंच. मी म्हटलं, “मला वाटलं जर्मन म्हटलं की सगळ्यांचाच कार्निव्हल. आता बघा, मला इथे दर वर्षी कुणीतरी विचारतं, तुमचा ओणम कसा झाला. मी पुण्याची, माझा कसला ओणम! लोकांच्या ज्या चुकीवर मी चिडते, नेमकी तीच मी केली.”

बाई खळखळून हसली. “अगं, मग ग्रँड आहे की,” ती म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. “गैरसमज झाला. मी त्यांना समजावते, संस्कृतीतला फरक आहे म्हणून.” तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. उत्तर इतकं सुंदर जमलं होतं की बाहेर आल्यावर माझं मलाच कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी साहेबाचा मेल आला. “या प्रकरणानंतर मी तुमच्याविषयी निःपक्षपातीपणे लिहू शकेन असं मला वाटत नाही. पत्राचं काम मुख्य कचेरीने पाहावं.” वाईट नाही, बरं नाही, नुसता नियम. मी मोबाइल सोफ्यावर फेकला. नवऱ्याने मेल वाचला आणि म्हणाला, “शिमगा गेला, आता कवित्व चालू.”

मग मार्च आला आणि सगळं जगच बंद झालं. एका शुक्रवारी आम्ही लॅपटॉप उचलून घरी आलो ते परत गेलोच नाही. सरकारने सगळ्यांच्या कागदांच्या मुदती आपोआप वाढवल्या, मग आणखी वाढवल्या. त्यामुळे मला कुणी देशातून काढलं नाही. पण पत्रही आलं नाही. मुख्य कचेरीतला कुणीतरी म्हणाला, मी यांना ओळखत नाही, थेट वरिष्ठाचा अभिप्राय जोडा. ते परत साहेबाकडे आलं. साहेबाने परत तेच उत्तर दिलं. चेंडू इकडून तिकडे जात राहिला आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, एका बाजूला मुलीची ऑनलाइन शाळा लावून, लोकांच्या चुका काढत राहिले.

त्या वर्षात ऑफिसात साहेबाची एक गंमत होऊन बसली. मीटिंग सुरू होताना पोरांपैकी कुणीतरी म्हणायचं, कात्र्या लांब ठेवा रे, आणि स्क्रीनवरचे सगळे चौकोन हसायचे. टायच्या कहाण्या तयार झाल्या. कुणी म्हणे तो मेलेल्या बापाचा टाय, कुणी म्हणे सोडून गेलेल्या बायकोने दिलेला. विनोदबुद्धी नसलेला माणूस असा शिक्का बसला त्याच्यावर, आणि तो मारणारी मी. तो मात्र घरी एकट्याने बसूनही टाय लावायचा. चौकोनात दिसायचा, गळ्यापर्यंत आवळलेला.

उन्हाळ्यात एकदा काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तू एचआरला सांगितलंस की तुला माहीत नव्हतं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी आपणहून कुणाला सांगायला जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. एवढं तुला माहीत असू दे.”

“काकू” असा शब्द इंग्रजीत कुठून आणणार? मी नुसतं सॉरी म्हटलं. त्यांनी ते घेतलं नाही. “सॉरी मला नको. तुला एक सांगायचं राहिलं होतं. आमच्याकडे कार्निव्हलभर पबच्या दारावर पेंढ्याचा एक माणूस टांगलेला असतो. शेवटच्या रात्री त्याला खाली काढतात आणि लोक ओरडून विचारतात, पैसे कुणी उडवले? ह्याने! नवऱ्याला कुणी फसवलं? ह्याने! मग त्याला जाळतात आणि सकाळी राख लावून सगळे मोकळे. ते ठीक आहे, कारण तो पेंढ्याचा असतो.”

फोन ठेवल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि एक पेला फोडला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. स्वतःवर चिडायची मला सवय नव्हती, म्हणून मी काकूंवर चिडले, मग साहेबावर, मग नवऱ्यावर. नवरा शांतपणे काचा गोळा करत म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उघडू नकोस. मुलीचा विचार कर.” त्याचं काही चुकत नव्हतं. मुलीचा विचार करूनच तर मी खोटं बोलले होते.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत पुन्हा सगळं कडक बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी पाऊल टाकायचं नाही. त्याच महिन्यात कंपनीने कळवलं की मार्चअखेर डब्लिनची निम्मी माणसं कमी करणार. ज्यांचे कागद पूर्ण होते ते दुसरीकडे अर्ज करायला लागले. मला त्या पत्राशिवाय तेही धड करता येत नव्हतं. रात्री झोप लागेना. कान तापणं बंद झालं होतं. आता हात गार पडायचे, आणि मला ते जास्त भीतीचं वाटायचं.

संक्रांत होऊन गेली होती. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ वाटायचा, पण वाटायचा कुणाला? डबाभर लाडू तसेच पडले होते. इथल्या इंडियन दुकानातला गूळ चिकट निघाला म्हणून लाडू जरा बसके झालेले. मुलगी जाता-येता एक तोंडात टाकायची आणि “सो यम, आई,” म्हणून पळायची.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, गुरुवारी, सकाळी टीमची मीटिंग होती. वर्ष उलटून पुन्हा तोच गुरुवार आला होता. मीटिंग सुरू झाली तसा एक पोरगा ओरडला, “हॅपी कात्री डे!” आणि कॅमेऱ्यासमोर कात्री उघडमिट करून दाखवली. सगळे हसले. साहेब टाय लावून बसला होता. त्याचा हात पुढे आला आणि त्याचा चौकोन काळा झाला.

काकूंचा चौकोन माझ्या शेजारीच होता. त्या सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या. कॅमेऱ्यात बघणारा माणूस सगळ्यांकडेच बघतो हे मला कळत होतं, तरी मी मान खाली घातली.

मीटिंग संपल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “मी जाऊन येते.” कुठे ते त्याला कळलं. त्याने अडवलं नाही, पण तोंड पांढरं पडलं होतं. “तो नियमाचा माणूस आहे,” नवरा म्हणाला. “ऐकून गप्प बसणार नाही. वर कळवेल.”

“माहीत आहे.”

“मग?”

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी लाडवांचा स्टीलचा डबा पिशवीत टाकला आणि बूट घातले.

साहेब शँकिलला राहायचा. चालत पाऊण तास, पाच किलोमीटरच्या आतलं. रस्त्यात वारा तोंडावर येत होता आणि पाऊस पडतोय की नाही हे ठरत नव्हतं. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. पहिल्यांदा मुलीसाठी, दुसऱ्यांदा नवऱ्यासाठी, तिसऱ्यांदा खरं सांगायचं तर स्वतःसाठी. गार्डाची, म्हणजे इथल्या पोलिसांची, गाडी हळूहळू शेजारून गेली तेव्हा वाटलं, त्यांनी अडवून परत पाठवलं तर किती बरं होईल. ते नुसते हात हलवून पुढे गेले.

बेल दाबून मी फाटकापर्यंत मागे आले. साहेबाने दार उघडलं. टाय होताच. वर्षभराने तो मला पूर्ण उंचीचा दिसला, आणि म्हाताराही. मास्कमधून माझा आवाज पोचेना म्हणून मी दोनदा सुरुवात केली.

“गेल्या वर्षी मी म्हटलं की मला माहीत नव्हतं. ते खोटं होतं. मला आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की तुमच्याकडे ही पद्धत नाही, विचारल्याशिवाय कापू नकोस. मला पत्राचा राग आला होता. मी तुमच्यावर राग काढला आणि त्याला सणाचं नाव दिलं. तुम्ही तक्रारीत लिहिलं होतं ते सगळं खरं होतं.”

समोरच्या रस्त्यावरून एक बाई कुत्रं घेऊन जात होती, ती जाईपर्यंत तो थांबला.

“तुमच्या टायबद्दलही मला वाईट वाटतं,” मी म्हटलं. “तो कुणी दिलेला होता का?”

“सुपरमार्केटमधला होता,” तो म्हणाला. “टायचं काही नाही. मला एचआरच्या खोलीत बसवून समजावण्यात आलं की मला दुसऱ्यांची संस्कृती समजत नाही. मी जे डोळ्यांनी पाहिलं ते मी पाहिलंच नाही, असं मला सांगितलं गेलं. एक वर्ष मी विचार करतोय की माझंच काही बिघडलंय का.”

मला रडू आलं. मी त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून आले होते, तरी आलं. मास्क ओला झाला.

“हे मला कळवावं लागेल,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“तरी आलात?”

“सकाळी तुम्ही कॅमेरा बंद केलात,” मी म्हटलं. याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

मी पुढे होऊन डबा पायरीवर ठेवला आणि परत फाटकापाशी आले. सांगितलं, की तीळ आणि गूळ आहे, आमच्याकडे या दिवसांत हे देऊन म्हणतात, गोड घ्या, गोड बोला. वर्षभरात काही भांडणतंटा झाला असेल तर मिटावा म्हणून. गेल्या वर्षी कात्रीच्या पाठोपाठ जे करायचं असतं ते मी केलं नव्हतं, आणि करू शकले नसते. आमच्याकडे त्या जागी हे आहे.

त्याने डब्याकडे पाहिलं. “हे घेतलं तर मला गोड बोलावं लागेल?”

“तशी पद्धत आहे.”

“ते मला जमत नाही,” तो म्हणाला. डबा मात्र उचलून आत नेला.

सोमवारी एचआरच्या बाईने स्क्रीनवर बोलावलं. साहेबाने जसंच्या तसं कळवलं होतं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. तिने विचारलं, हे खरं आहे का? मी हो म्हटलं. या वेळी ती हसली नाही. तिलाही मी फसवलं होतं, आणि हे तिचं तोंड बघेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. “बुधवारपर्यंत कळवते,” ती म्हणाली आणि स्क्रीन बंद झाली. मंगळवारी इथे घरोघरी पॅनकेक करतात, उपासाआधी घरातली अंडी आणि लोणी संपवायला. मुलीने हट्टाने मला करायला लावले. मी तवा तापवून उभी राहायचे आणि पीठ ओतायचं विसरायचे. नवरा दोन्ही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मनातल्या मनात मी घर आवरायला घेतलं होतं, कुठल्या वस्तू न्यायच्या आणि कुठल्या द्यायच्या ते ठरवत होते.

बुधवारी दुपारी मेल आला. खोटं बोलल्याबद्दल लेखी ताकीद, फाइलमध्ये कायमची. नोकरीविषयीचा निर्णय मार्चमध्ये, इतरांबरोबर. प्रकरण बंद. मी ते तीनदा वाचलं. काढून टाकलं नव्हतं, पण सुटलेही नव्हते.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. मुलगी आधी धावली. बाहेर कुणी नव्हतं. पायपुसण्यावर माझा स्टीलचा डबा होता, घासूनपुसून लख्ख. तिने तो आत आणला आणि हलवून पाहिला.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. झाकण उघडलं तर आत घडी घातलेला एक कागद होता. मुख्य कचेरीला लिहिलेल्या अभिप्रायाची प्रत, खाली सही. मी ओट्याशी उभी राहून वाचली.

“या बाई माझ्या हाताखाली जवळजवळ तीन वर्षं काम करत आहेत. यांची फाइल मी पूर्ण वाचली आहे. दुसऱ्यांच्या चुका त्या अचूक शोधतात. स्वतःची एक चूक शोधायला त्यांना एक वर्ष लागलं. पण ती सांगायला त्या पायी आल्या, आणि आपलं नुकसान होईल हे माहीत असून आल्या. यापुढे त्यांनी मला एखादी गोष्ट खरी आहे असं सांगितलं, तर मी ती पुन्हा तपासणार नाही.”

मी खुर्चीत बसले. नवऱ्याने माझ्या हातातून कागद घेतला आणि वाचायला लागला. मुलगी माझ्या गुडघ्याला चिकटून तोंडाकडे बघत होती.

“आई, इज इट बॅड?”

“नाही गं,” मी म्हटलं. “खरं आहे सगळं.”